फिलॉसॉफीची पोस्ट

वर्गात नॉमिनॅलिझम अर्ध्यावर आला होता, तेवढ्यात प्रिन्सिपॉलचा निरोप घेऊन शिपाई दारात उभा राहिला. १९६०च्या आसपासची गोष्ट. बंगळूरच्या एका खासगी कॉलेजात मी फिलॉसॉफीचा एकुलता एक लेक्चरर होतो.

नॉमिनॅलिझम समजायला सोपा आहे. सकाळी घरोघरी कॉफी होते, प्रत्येक कप निराळा. मग या सगळ्यांत असलेली 'कॉफी' अशी एक वेगळी वस्तू आहे का? काही म्हणतात, आहे. कप संपला तरी ती उरते. तिला युनिव्हर्सल म्हणायचं. नॉमिनॅलिस्ट म्हणतो, छे, कप तेवढे खरे, बाकी नुसतं नाव. मी नॉमिनॅलिस्टांच्या बाजूचा. त्या दिवशी मुलांना विचारलं, "मग ती एक कॉफी राहते कुठे?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "हॉटेलच्या बोर्डावर, सर." असं नेमकं उत्तर मला पुस्तकांत मिळालं नव्हतं. मी खुशीतच केबिनमध्ये गेलो.

प्रिन्सिपॉल बेळगावकडचे, माझ्याशी मराठीत बोलत.

"बसा, राव. मॅनेजमेंटनं फिलॉसॉफी बंद करायचं ठरवलंय. मुलं येत नाहीत. जूनपासून तुमची पोस्ट राहणार नाही."

"म्हणजे मला काढलं?"

"तुम्हाला कोण काढतंय? तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पोस्ट रद्द झाली."

"सर, त्या पोस्टवर मीच आहे. मला वगळून ती कुणी पाहिलीय का?"

"असं कसं? माणसं येतात-जातात, पोस्ट राहते."

"राहते, तर रद्द कशी झाली?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "वाद वर्गात घाला. इथं नको."

घरी बायको म्हणाली, "सरी, ठीकच आहे. काढलं नाही म्हणतात ना, मग पगार देतील की." मुलगी पी.यू.सी.ला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला होती. तिचं शिक्षण अडणार, ही धास्ती दोघांनाही होती.

जूनमध्ये कळलं, पोस्ट रद्द झालीच नव्हती. सरकारी ग्रँट पोस्टवर मिळते, ती कोण सोडतो? विषय बदलून कॉमर्स केला आणि मॅनेजमेंटच्या सेक्रेटरींचे जावई त्या पोस्टवर आणून बसवले. माणूस गेला, विषय गेला, पोस्ट शाबूत. माझा संताप झाला तो याचाच, की प्रिन्सिपॉलचं म्हणणं खरं ठरलं.

मी आनेकलच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागलो. पगार निम्मा, रोजची बस. मुलीनं शिक्षण सोडून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली. त्याबद्दल मी त्या कॉलेजला अजून माफ केलेलं नाही.

फिलॉसॉफीत येणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला: नॉमिनॅलिझम जरूर शिकवा, पण आधी सासरा मॅनेजमेंटमधला बघा.