नानांचा ओळंबा

मी ओव्हरसियर माणूस. कुणी भुताखेतांचं काढलं की म्हणायचो, "टेप लावून मोजून दाखवा, मग मानतो." आज तेच तोंड घेऊन हे लिहितोय...

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी जळगावात स्टेशनकडच्या रस्त्याला एका कापूस व्यापाऱ्याची पाच मजली इमारत उठत होती. नकाशा मुंबईचा — वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा तीन फूट बाहेर, आणि त्या बाहेरच्या भागाखाली खांबच नाही! आजूबाजूला सगळी धाब्याची बसकी घरं. लोक माना वर करून बघायचे. मला तर त्या इमारतीची नशाच चढली होती. जळगावनं किती दिवस बसकं राहायचं, असं चारचौघांत म्हणायचो.

मुख्य गवंडी नाना, चाळीसगावकडच्या खेड्यातले. साठीचे, चुन्याच्या कामात हात मुरलेला. चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर त्यांनी मातीचे बांध घालून पाणी साठवलं होतं. पण मालकाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे बोलवायचे होते, खालचे टेकू दिसायला नको होते. आदल्या दिवशी दुपारी वर आम्ही दोघंच होतो.

"नाना, बाहेरचे टेकू काढायला घ्या."

त्यांनी स्लॅबवर हातोडी ठोकून कान लावला. "भाऊ, आजून कच्चं शे. आठ दिन पानी पिऊ द्या त्याले."

"हे सिमेंट आहे नाना, तुमच्या आजोबांचा चुना नाही. भीती वाटत असेल तर घरी जा, पोरींबरोबर आखाजीचा झोका खेळा."

नानांनी हातोडी कमरेला खोचली. खाली जाऊन स्वतःच टेकू काढायला लागले, बाकी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या टेकूला स्लॅब त्यांच्यावर आला.

चौकशीत मी लिहून दिलं — गवंड्यानं मला न विचारता टेकू काढले. मालक सुटला, मी सुटलो. नानांच्या भावांना मात्र खानदेशात कुणी थापी धरू देईना. "टेकू काढणाऱ्याचे भाऊ ना तुम्ही?" असं तोंडावर म्हणायचे.

तेराव्याला गेलो. नानांच्या बायकोनं, अक्कांनी, त्यांचा पितळी ओळंबा माझ्या हातात ठेवला. "हाऊ ल्या साहेब. तुमना हातमा सरळ ऱ्हास का देखा."

राहिला नाही. दोरी धरली की ओळंबा माझ्याच छातीकडे दोन बोटं झुकायचा. वाटलं वारा असेल... बंद खोलीत धरला. दोरी बदलली. शेवटी दुकानातून नवा ओळंबा आणला — तोही झुकला! तोच गवंड्याच्या हातात दिला की सरळ. पुढे धुळ्याच्या नगरपालिकेत नोकरी लागली, तिथली पोरं हसायची, "साहेब, भिंतीला सोडून तुमच्याकडेच काय बघतो हो हा?" मी ओळंबा धरणंच सोडलं. सात वर्षं भिंती दुसऱ्यांकडून तपासून घेतल्या.

गेल्या वर्षी धुळ्यात तसलीच, पण सात मजली इमारत बांधायची टूम निघाली. परवानगी द्यावी का, यावर सभा भरली आणि मला मत विचारलं. मी उठलो, आणि टेकू कुणी काढायला लावले ते बाहेर आलं. म्हणालो, "उंच बांधा, नवं बांधा. पण सावध करणाऱ्या गवंड्याला वेड्यात काढणारा माझ्यासारखा माणूस त्यावर नेमू नका. नानांचा जीव मी घेतला, आणि नावही मीच घालवलं." तसं लेखी दिलं. नोकरी गेली. नानांच्या भावांना पुन्हा कामं मिळू लागली.

यंदा आखाजीला नानांचा ओळंबा घेऊन अक्कांकडे गेलो. अंगणात नानांच्या नावानं पितरांची घागर भरून ठेवली होती. मी पाया पडलो, टेकू मीच काढायला लावले हे सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "धरा पाहू."

मी ओळंबा सोडला. तो हलला, थांबला... आणि दोन बोटं माझ्याकडे झुकला.

अक्कांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अक्का त्या इमारतीवर कधी आल्या नव्हत्या. वर आम्ही दोघंच होतो, आणि नानांचे तेव्हाचे शब्द मी चौकशीत सांगितले नाहीत, सभेत नाहीत, बायकोला नाहीत, आत्ता अक्कांनाही नाहीत. तरी नानांच्याच सुरात, घागरीवर हात ठेवून, त्या म्हणाल्या —

"भाऊ, आजून कच्चं शे."