सर्टिफिकेटवहिनी

ये गं मुक्ता, अशी माझ्याजवळ बस. इतक्या दिवसांनी आलीस आणि निम्मं लक्ष घड्याळात. काय म्हणे, सात वर्षांच्या पोराला शाळेतून उचलून आधी पोहायला, मग बुद्धिबळाला पोचवायचंय. अगं, पोर आहे का पार्सल? रागावू नको, मावशीला बोलायची सवयच आहे. चहा होईपर्यंत तुला आमच्या सर्टिफिकेटवहिनींचं सांगते.

त्या इथंच, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नाशिकच्या, यजमान गॅस कंपनीत इंजिनियर म्हणून आखातात आलेल्या. गाडीची डिकी उघडली की आत अख्खं गॅदरिंग सापडायचं. टेनिसची रॅकेट, कथकचे घुंगरू, कराटेचा पट्टा, व्हायोलिन, समुद्रकिनारा साफ करायला लागतात ते हातमोजे. शाळा सुटली की "यल्ला ईशा, चल, बस लवकर" म्हणत लेकीला घेऊन निघायच्या, ते दिवेलागणीला परत. पोरगी मागच्या सीटवरच डबा खायची, अभ्यासही तिथंच.

त्यांचं एक म्हणणं पक्कं होतं. "काकू, अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत नुसत्या मार्कांना कुत्रं विचारत नाही. मार्क सगळ्यांनाच असतात. पोरगी आणखी काय करते ते बघतात." आणि वर, "ज्याचं सर्टिफिकेट नाही, ते केलंच नाही समजायचं." त्यावरूनच आम्ही ते नाव पाडलं. कानावर गेलं तर हसल्या. "असू दे की. लोक नावाआधी डॉक्टर लावतात, मी हे लावीन."

मनानं मात्र मोकळ्या. माझे गुडघे धरले होते तेव्हा लेकीला पोहायला नेताना वाटेत मला दवाखान्यात सोडायच्या. तिथंही नर्सला विचारून घेतलं, "सुट्टीत मुलींना मदतीला घेता का हो?" माझा गुडघासुद्धा वाया जाऊ दिला नाही बाईनं.

ईशाला मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं मुलांचं नाटक असतं. त्यात ही पोरगी कधी स्टेजवर जायची नाही. विंगेत बसून दिवे सांभाळायची. हार्डवेअरच्या दुकानातले बल्ब, रंगीत कागद, खोक्याचे पुठ्ठे, सगळं स्वतः जमवायची. एकदा निळ्या कागदातून तिनं अशी नदी वाहवली, की माझ्या शेजारच्या बाईंनी पाय वर घेतले. वहिनी पहिल्या रांगेत बसून कुरकुरायच्या, "सगळ्यांच्या पोरी उजेडात, माझीच अंधारात."

बारावीला अर्ज करायची वेळ आली आणि एका दुपारी मायलेकी तणतणत माझ्याकडे आल्या. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, एवढं सगळं केलंय, पण यात मुलगी कुठं दिसत नाही. तिला मनापासून काय आवडतं?

"आता आवडीचं कुठून आणू?" वहिनी रडवेल्या झाल्या होत्या.

"ममा, आय टोल्ड यू. लाइट्स," ईशा म्हणाली.

"अगं, पडद्यामागं बल्ब लावते म्हणून कुणी ॲडमिशन देतं का?"

तेव्हा ती पोरगी सावकाश, शब्द जुळवत मराठीत बोलली. "नको देऊ दे. पण ते एकच माझं आहे. बाकीचं सगळं तुझं आहे."

वहिनींनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाल्या, "मग तेच लिही."

लिहिलं तिनं. दुसऱ्याच आठवड्यात व्हायोलिन आणि कराटे बंद. निकाल लागेपर्यंत वहिनी दिवसातून दहादा तिला मेल उघडून बघायला लावायच्या. दोन मोठ्या कॉलेजांनी नाही म्हटलं. "माझंच चुकलं," म्हणून वहिनींनी डोळ्याला पदर लावला, तर ईशा म्हणते, "ममा, तुझा अर्ज नव्हता गं." तिसऱ्यानं घेतलं. दिव्यांमुळे घेतलं की मार्कांमुळे, देव जाणे. ती कॉलेजं कारण सांगत नाहीत.

ईशा अमेरिकेला गेली. पुढच्या गणपतीत दिव्यांना कुणी मिळेना, तर वहिनी उठून म्हणाल्या, "मी बघते." काय गोंधळ घातला सांगू. राजा आला तेव्हा अंधार, आणि झाडू घेऊन आलेल्या पोरावर झगझगीत उजेड. लोक हसून बेजार. नाटक संपल्यावर मी विंगेत गेले तर वहिनी खोक्यावर बसलेल्या.

"काकू, इथून नटांची पाठ दिसते हो. समोर दिसतात ते बघणाऱ्यांचे चेहरे. पहिली रांग तर अगदी स्वच्छ." त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. "म्हणजे इतकी वर्षं ही पोरगी इथून माझं पडलेलं तोंड बघत होती. आणि तरी दिवे लावत होती."

  त्यांनी वायर गुंडाळायला घेतली, मी दुसरं टोक धरलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यजमानांचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं आणि त्या नाशिकला परत गेल्या. वरच्या मजल्यावर आता नवे लोक आहेत, बरे आहेत. पण जिन्यात घुंगरांची पिशवी वाजत नाही, त्यानं मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

उठलीस का? जा बाई, पोरगं शाळेच्या दारात उभं असेल. पण येत्या शुक्रवारी सुट्टीच आहे, ये, त्यालाही घेऊन ये. माझ्याकडे त्याला करायला काहीसुद्धा नाही, म्हणूनच आण.