खाटेची खूण

मी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमची स्वारी ठाण्याला इंग्रजी शाळेत मास्तर. संध्याकाळी मला ग्रीक लोकांची एक कथा थोडी थोडी सांगणं व्हायचं. राजा लढाईहून घरी निघतो, वाटेत बेटावरची एक मायावी बाई त्याला सात वर्षं ठेवून घेते, आणि राणी बिचारी वाट पाहत बसते.

"राजा रोज किनाऱ्यावर बसून रडायचा गं," स्वारी म्हणाली.

"दिवसा ना?" मी विचारलं. त्यावर पुस्तक मिटलं गेलं.

त्या बेटावरच्या बाईचा मला असा काही राग आला, की दळताना राणीच्या तोंडच्या ओव्या आपोआप सुचू लागल्या.

दर्याकाठी बेटावरी, राजा परकीच्या घरी,
सांजवात माझ्या दारी, वाट बघे.

चार-आठ दिवसांत आमच्या कोपरीतल्या बायका त्या जात्यावर म्हणू लागल्या. मला अक्षराची ओळख नव्हती, पण ही कथा माझी होती. ती मला एकटीलाच सांगितलेली आहे, असं मी धरून चालले होते.

चैत्रात कल्याणला स्वारीच्या वकील मित्राकडे हळदीकुंकू होतं. लग्नानंतर मी माहेरीच होते, तेव्हा स्वारी वर्षभर त्यांच्याकडे राहून तिथल्या शाळेत शिकवत असे; शिवाय मित्राच्या सांगण्यावरून त्याच्या बायकोलाही इंग्रजी शिकवत असे. बाई गोरी, नाकेली, बोलायला गोड. यातलं मला काहीच आवडलं नाही.

डाळ-पन्हं झाल्यावर बायकांनी आग्रह केला म्हणून मी गायला बसले. राजा परत आला, राणीला त्याची ओळख पटेना, इथवर आले आणि दम घ्यायला थांबले. तेवढ्यात ती वकिलीणबाई म्हणाली, "आता राणी त्याची खाट बाहेर काढायला सांगते, हो ना? आणि तो म्हणतो, ती हलेल कशी? जमिनीत मुळं असलेल्या झाडातूनच मी ती घडवलीय!"

माझं अंग पेटलं. ती खूण फक्त राजाराणीला ठाऊक. त्यावरच राणी नवऱ्याला ओळखते. ती हिला कुणी सांगितली? पुढची ओवी तयार होती, ती सोडून मी तिथल्या तिथे दुसरीच म्हटली.

खाट झाडाची ती खरी, खूण दोघांच्या अंतरी,
सांग राया, बेटावरी, तिला दिली का?

ओसरीवरच्या पुरुषांचं बोलणं एकदम थांबलं. मला बरं वाटलं.

परतताना आगगाडीत स्वारी हळूच म्हणाली, "ती शेवटची ओवी पुस्तकात नाही."

"पुस्तकातलं मला काय कळतंय? खाटेचं त्यांना इकडूनच कळलं ना?"

"छे गं! मी तिला साधे धडे तेवढे शिकवले. मी ठाण्याला आल्यावर तिने ते पुस्तक मुंबईहून मागवलं आणि स्वतःच वाचून काढलं."

इकडून सांगणं झालं असतं, तर चार दिवस रुसून मी विसरून गेले असते. तिने ते आपलं आपण वाचलं, हे मात्र मला अजून सहन झालेलं नाही.