कँटीनमधलं प्रॅक्टिकल

नळाला पाणी आलं की आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसे. मी पिंप भरण्यात, हे मोटारीपाशी, आणि आमचा राज डब्यात भेंडी आहे की गवार या चौकशीत. त्यात गॅसवर दूध. जुलैतल्या त्या सकाळी दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. बेल असताना दार थोपटणारा माणूस गावाकडचाच असणार, हे मी गॅस बंद करता करताच ओळखलं.

दारात पुंजाराम नाना उभे होते. आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या साधनाचे थोरले चुलते. पहाटेच सायखेड्याहून टेम्पोत भाजी घालून मार्केटला आलेले, माल विकून तसेच इकडे. हातात कोथिंबिरीच्या जुड्या आणि मागे, त्यांच्या सावलीत उभी राहावी तशी, त्यांची धाकटी मुलगी छाया. नवाकोरा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या.

"ताई, साधी उठली का?"

"कधीच उठली. या ना आत. चहा टाकते."

"चहा मागून. आधी काम सांगतो." खुर्चीकडे न बघता ते सरळ फरशीवर बसले. "हिची बारावी झाली. मार्क जेमतेम. चांगल्या कालेजात नंबर लागत नाय. साधीच्या विद्यापीठात घेतात म्हणे. आज डोळ्यानं बघून घेतो. पटलं तर नाव घालतो, ही राहील साधीसंगं वर. नाय पटलं तर निफाडचं स्थळ आलेलं हाय, त्यांना होकार कळवून टाकतो. पाव्हण्यांना लय ताटकळत ठेवणं बरं नाय."

छाया फरशीच्या सांध्यावरून अंगठा फिरवत होती. जिन्यात साधना कधीची येऊन उभी होती. ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"ये बाई. आता तूच सांग. खरं खरं. कसं हाय तुमचं विद्यापीठ?"

"चांगलं आहे, नाना," साधना म्हणाली.

हे 'चांगलं आहे' माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून ती घरी फोन करायची, आणि मी शेजारी किराणा घेत असले तर काचेतून तेच ऐकू यायचं. हो, चांगलं आहे. हो हो, सगळं चांगलं आहे. मग घरी येऊन माझ्यासमोर मेथी निवडायला बसली की खरं बाहेर पडायचं.

ती आली तेव्हा एक पत्र्याची ट्रंक, एक गादी आणि पाटीभर वांगी एवढं घेऊन आली होती. शहराच्या कडेला, द्राक्षाच्या बागांना लागून, एक लहानसं खासगी विद्यापीठ निघालं होतं. नाव एवढं लांब की सिटी बसच्या कंडक्टरने ते कधी पुरतं उच्चारलं नाही. 'कमानवाले उतरा' म्हणायचा. तिथे ती अन्नप्रक्रिया शिकत होती. म्हणजे काय, असं मी विचारलं तर पहिल्या महिन्यात म्हणाली, "काकू, मलाही अजून सांगितलं नाही."

मी हसले, पण ती हसली नाही. पहिलं वर्ष तिला जड गेलं. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर जावं तर ही टाकीला टेकून बसलेली. इंग्रजी येत नाही, सर टिकत नाहीत, एक जण तर ओळख करून दिली त्याच आठवड्यात सोडून गेले. वाचनालयाची पुस्तकं काचेतून दिसायची, हाती यायची नाहीत. मी नाशिकच्याच मोठ्या कॉलेजात बी. ए. झालेली. आमच्या वर्गात एवढी गर्दी, की मी तीन वर्षं मागच्या बाकावर विणकाम केलं तरी कुणाला पत्ता नव्हता. तिचं ऐकताना मला नवल वाटायचं. एवढंसं विद्यापीठ. कुणाला ताप आला, कुणाची चप्पल तुटली, सगळं सगळ्यांना माहीत. शिपाईसुद्धा विचारायचा, "का गं साधना, काल दिसली नाहीस?"

"हे घरी का नाही सांगत?" मी एकदा म्हटलं.

"काय सांगू? सरांचा पत्ता नाही म्हटलं तर नाना म्हणतील, मग ये घरी. तक्रार केली की ट्रंक भरायची, काकू. त्यापेक्षा चांगलं आहे म्हणायचं."

तिच्या घरात नानांचा शब्द शेवटचा. तिचे वडील साधे, भावासमोर मान वर न करणारे. तिला शिकायला पाठवलं तेही नानांनीच, हौसेने, गावात पेढे वाटून. पण हौसेचा माणूस रागाचाही असतो. आणि आता साधनाचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं.

चहा झाल्यावर नाना मला म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही पण चला. मला तिथलं काय कळणार?" मी राजचा डबा यांच्या हवाली केला आणि निघाले.

द्वारका चौकात ट्रक, रिक्षा, टेम्पो यांच्या गर्दीतून नानांनी आम्हा तिघींना हात आडवा धरून बैलांसारखं पलीकडे नेलं. बसमध्ये ते खुशीत होते. "आज मार्केटात एका व्यापाऱ्यानं माझी टमाट्याची प्लॅस्टिकची जाळी पालथी केली. वरचा थर असा गुलाल, आणि खाली सगळा बारका माल. मला म्हणतो, नाना, वरचे टमाटे घरचे, पण खालचे कुणाचे आणले?" स्वतःच मोठ्यांदा हसले. "अहो, वर चांगलं लावावंच लागतं. सगळेच लावतात."

साधना खिडकीतून बाहेर बघत होती.

कमानीपाशी उतरल्यावर नानांची मान जी वर गेली ती खाली येईना. संगमरवरी पाटी, कडेने कापलेली मेंदी, मधोमध कारंजं. त्या दिवशी कुठले तरी पाहुणे यायचे होते म्हणून ते चालूही होतं. ऑफिसातला माणूस गोड होता. नव्या प्रवेशाचं म्हटल्यावर त्याने आम्हाला थेट प्रयोगशाळेत नेलं. कुलूप उघडलं, ट्यूबा लावल्या. रांगेने चकचकीत यंत्रं, प्रत्येकावर पारदर्शक प्लॅस्टिकची खोळ. नाना टोपी काढून उभे राहिले. देवळात काढावी तशी.

"छाये, बघ. इथं शिकशील तू. आहे का निफाडात असं काही?"

छायाने सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरून बघत होती पोरगी. काम झालं होतं. फॉर्म भरायचा, सही करायची, परत फिरायचं. मला इतकं हायसं वाटलं की मी ऑफिस कुठे ते बघायला वळलेसुद्धा.

तेवढ्यात साधना म्हणाली, "नाना, हा जाळीतला वरचा थर झाला. आता जाळी पालथी करून दाखवते."

मी तिच्या कोपराला हळूच चिमटा काढला. तिने हात सोडवून घेतला. ऑफिसातला माणूस काही बोलणार तोच ती चालू लागली आणि आम्ही तिच्या मागे.

कारंज्यामागून, सायकल स्टँडवरून, पत्र्याच्या शेडपाशी. लताबाईंचं कँटीन. आत वडापावच्या कढईशेजारी दुसऱ्या शेगडीवर मोठं पातेलं चढलेलं, भोवती पाच-सहा मुली, हात कोपरापर्यंत जांभळे. जांभळाच्या रसाचा उग्र गोड वास सगळ्या शेडमध्ये. एक किडकिडीत बाई, साडीचा पदर खोचून, पातेल्यात झारा फिरवत मुलींना काही समजावत होत्या. त्या उज्वला मॅडम.

नाना दारातच थांबले. चेहरा उतरत उतरत लाल झाला.

"हे काय? लग्नाचा सैपाक चाललाय का?"

"प्रॅक्टिकल आहे, नाना."

"हे प्रॅक्टिकल? चुलीपुढं बसायचं तर घरी काय वाईट होतं? एवढं लांब पाठवून तू भांडी घासतीस?" त्यांचा आवाज चढला. लताबाईंनी वडे काढायचे थांबवले. "आणि ती यंत्रं? ती कशाला हायेत?"

"दाखवायला," साधना म्हणाली. "मी आल्यापासून त्या खोळी कुणी काढल्या नाहीत. पाहुणे आले की फक्त पुसतात. किल्ली ऑफिसात, आणि मागितली की आज नाही उद्या. वाचनालयालाही कुलूपच. गणिताला सर टिकत नाहीत. पहिल्या वर्षी मी गच्चीवर बसून रडायचे, काकूंना विचारा."

"मग दर रविवारी फोनवर काय सांगत होतीस?"

"चांगलं आहे म्हणत होते. नाही तर तुम्ही घरी आणलं असतं."

नाना माझ्याकडे वळले. मी नुसती मान हलवली. दुसरं काय करणार? छायाचा चेहरा मात्र मला बघवेना. आत्ता उजळला होता आणि आत्ता विझला. निफाडचं स्थळ तिच्या डोळ्यांसमोर येऊन बसलेलं मला दिसत होतं.

"अजून झालं नाही माझं," साधना म्हणाली. "ह्या मॅडम. ह्यांना किल्ली मिळेना, तर ह्यांनी लताबाईंची शेगडी मागून घेतली. घरून काटा आणला, थर्मामीटर आणला. मी शेवटच्या बाकावर लपायचे तर मला हाताला धरून पुढं बसवलं. वर्गात आम्ही इतके थोडे की लपायला जागाच नाही. मोठ्या कॉलेजात मला कुणी ओळखलं नसतं."

माझ्या मागच्या बाकावरचं विणकाम मला आठवलं.

"म्हणजे चांगलं हाय का वाईट?" नाना वैतागले. "एक काहीतरी सांग."

"दोन्ही आहे, नाना."

"असं कसं दोन्ही? बाजारात असं बोललीस तर कुणी माल घेईल का तुझा?"

लताबाई खुदकन हसल्या, मग पदर तोंडावर घेतला. उज्वला मॅडमनी भांडण ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं होतं. शिक्षिकांना ते जमतं. त्यांनी पातेल्यातला थेंब चमच्यावर घेऊन गार केला, दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीच्या काचेवर टाकला, झाकण दाबलं आणि सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या छायाच्याच हातात ती नळी दिली.

"उजेडाकडे धर. काय दिसतं?"

छायाने नानांकडे पाहिलं, मग नळी डोळ्याला लावली. "रेघा दिसतात. वर निळं, खाली पांढरं. मधे आकडे."

"निळं संपतं तिथला आकडा सांग. तेवढी साखर उतरली."

छायाने आकडा सांगितला. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. अजून थोडं आटवायला हवं." आणि मुलींना आच वाढवायला सांगितलं. एवढंच.

नाना मात्र दोन पावलं आत आले. "ही नळी... ही त्या द्राक्षवाल्या साहेबाकडं असती ना? आमच्या शेजारी बहिरूची बाग हाय. परदेशात माल धाडणारा साहेब येतो, मणी फोडतो, ह्यात बघतो आणि म्हणतो, गोडी नाय, थांबा. बहिरू त्याच्या पाया पडायचा बाकी ऱ्हातो."

"तेच हे," मॅडम म्हणाल्या.

"आणि हे तुम्ही पोरींच्या हातात देता?"

"मग कुणाच्या देऊ?"

नानांनी स्वतः नळी डोळ्याला लावून पाहिली. आधी उलटी धरली. मुली तोंड फिरवून हसल्या, आणि छायाने ती त्यांच्या हातात सुलटी करून दिली. बराच वेळ ते बघत राहिले. त्यांना आकडा दिसला की नाही कोण जाणे. लताबाईंनी सगळ्यांना वाटीभर कोमट रस दिला. आमच्या जिभा जांभळ्या झाल्या. इतक्या वर्षांनी आताही दारावर जांभळं आली की मला आधी ती पत्र्याची शेड दिसते, मग ती कमान. गच्चीवरच्या खोलीत आता आम्ही अडगळ ठेवतो, पण टाकीजवळ गेले की अजून वाटतं, कुणीतरी टेकून बसलं असेल.

परत ऑफिसकडे जाताना नाना कारंज्यापाशी थांबले. पाहुणे येऊन गेले असावेत. कारंजं बंद झालं होतं.

"घालतो नाव," ते म्हणाले. छायाचा हात माझ्या हातात होता. तो एकदम घट्ट झाला. "माल मिसळ हाय, पण तू तोंडावर सांगितलंस. निफाडला कळवतो, पोरगी शिकतीय म्हणून. मात्र एक. हिची एक जरी कुरकुर कानावर आली ना, तर त्याच दिवशी टेम्पो घेऊन येतो आणि घरी नेतो."

छाया लगेच म्हणाली, "नाही करणार, नाना. कधीच नाही करणार."

साधना चालता चालता थांबली. तिचं शेवटचं वर्ष होतं, वर्षभराने तिला इथून जायचंच होतं, आणि मागे छाया एकटी राहणार होती. ती नानांच्या समोर येऊन उभी राहिली.

"नाना, मला एकच मागायचंय. छायाला इथलं काही आवडलं नाही, तर ते तिला घरी सांगू द्या. तेवढ्यावरून तिचं शिक्षण बंद करू नका."