नव्या शेगडीचा पहिला शनिवार

इथले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. माहेरी बुद्धवंदना व्हायची, पण अंगारे, उतारे, नजर काढणं... छे! वडील घराबाहेर काढतील. तेव्हा कुणाला काही पटवायला मी आलेली नाही. घडलं ते लिहितेय, बस.

२००६चा डिसेंबर. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या गावात आमचं जुनं घर. सुमेध, माझा नवरा, कार प्लांटमध्ये इंजिनिअर. एप्रिलमध्ये ऑफिसातच हार्ट अटॅकने गेला. आमची जुनी फायरप्लेस सगळी ऊब धुराड्यातून बाहेर घालवायची, म्हणून त्यानेच तिच्या जागी लाकडाच्या बंद शेगडीची — ओफनची — ऑर्डर देऊन ठेवली होती. तो गेला, शेगडी आली. मी सही केली. त्या वर्षी मी नुसत्या सह्याच केल्या. रडले नाही. लोक म्हणायचे, काय दगड बाई आहे! मलाही तसंच वाटायचं.

धुराडी तपासणारा सरकारी माणूस शेगडी पास करून गेला. जाताना त्याने बजावलं — शेगडी पेटलेली असताना किचनमधला एक्झॉस्ट लावायचा तर खिडकी उघडी हवीच, नाहीतर तो पंखा धुराड्यातला विषारी वायू घरात ओढतो. मी "या, गेनाऊ" — हो, बरोबर — म्हटलं, आणि सासूबाईंना सांगायचंच राहिलं. कानांनी ऐकलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं.

शनिवारी अकराला मी सामान आणायला गेले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आमटीला फोडणी घातली. शेजारीण ठसक्याची तक्रार करायची, त्यामुळे फोडणी म्हटलं की आमच्याकडे खिडक्या घट्ट बंद आणि एक्झॉस्ट फुल. शेगडी पेटलेली होतीच.

साडेबाराला परत आले, तर घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या! बाहेर शून्याखाली. आई टेरेसच्या, म्हणजे मागच्या अंगणातल्या ओट्याच्या, पायरीवर ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या, समोर ओकलेल्या. शेजारी मैत्री, माझी सहा वर्षांची लेक.

"अहो आई, हे काय?"

"डोकं गरगरायला लागलं गं... पायच उचलेना. ही पोर वरून आली, हाताला धरून ओढत आणलं मला."

मैत्रीला विचारलं. हिला मराठी समजतं, पण जन्मात कधी मराठीत उत्तर दिलेलं नाही. ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा म्हणाला, आधी पंखा बंद कर. मग खिडक्या उघड. मग आजीला बाहेर ने."

टेरेसच्या दाराची किल्ली सुमेध गेल्यापासून सापडत नव्हती. मी सगळं घर पालथं घातलं होतं. ती आता दाराला लावलेली होती.

"बाबाने दाखवली," मैत्री म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर दोघीही... पुढचं मी ऐकलं नाही.

तो तपासणीवाला आला तेव्हा मैत्री शाळेत होती. किल्ली तिला आधीच कुठेतरी मिळाली असेल? असेल. घाबरून तोंडातून मराठी सुटलं असेल? असेल बाई. पण आधी पंखा बंद करायचा, हे तिला कुणी सांगितलं? मला आजही कळलेलं नाही.

"माझ्या लेकाने वाचवलं गं!" म्हणून आई दिवसभर रडत होत्या. मी नुसती बघत होते.

संध्याकाळी मैत्रीला मांडीवर घेतलं. "बाबा माझ्यासाठी काही म्हणाला का गं?"

तिने नीट आठवून पाहिलं.

"नाइन, मामा." नाही, आई; पुन्हा जर्मनमध्ये.

मग मी जी रडले... आठ महिन्यांत पहिल्यांदा. आई धावत आल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तरी थांबेना.