माझ्या चावीने उघडलेली गाडी

नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्याला दुचाकीवर बसायला कायमची मनाई केली आणि त्याची काळी मोटरसायकल माझ्याकडे आली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. घर डोंबिवली पूर्वेला. डोंबिवली स्टेशनबाहेर गाडी लावायला जागा नसते, म्हणून ठाकुर्लीपर्यंत मोटरसायकल आणि तिथून पुढे ट्रेन, असं ठरलं.

गाडी चालवायला मी पंधरा दिवसांत शिकले. कुलपं लावायला शिकायला त्याहून जास्त दिवस गेले. नवऱ्याने ती गाडी नऊ वर्षं जिवापाड सांभाळलेली. हँडल लॉक करायचं, पुढच्या चाकाच्या डिस्कला पिवळं कुलूप लावायचं आणि मागच्या चाकातून साखळी ओवून ती रेलिंगला बांधायची. "जमिनीत रोवलेल्या वस्तूलाच बांधायची," हे तो रोज सांगायचा, आणि मी रोज हो म्हणायचे. संध्याकाळी मी घरी आले की कंबरेचा पट्टा लावून तो हळूहळू खाली यायचा आणि बिल्डिंगच्या गेटाशी गाडी तपासून बघायचा. मला ते थोडं अपमानासारखं वाटायचं, पण घरात बसून कंटाळलेल्या माणसाला कोण बोलणार?

त्या दिवशी सहाच्या सुमारास मी ठाकुर्लीला उतरले. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत मी रोज हेल्मेट ठेवायचे. लाँड्रीवाला नव्हता, त्याच्या बायकोने हेल्मेट दिलं. गल्लीत वळले, गाडी नेहमीच्या जागी, भिंतीपुढच्या रेलिंगला लागून उभी होती. जवळ गेले आणि थबकले. डिस्कचं कुलूप नाही, साखळीही नाही. सकाळी मी ती लावायलाच विसरले की काय? आठवून बघितलं तर लावल्यासारखं आठवत होतं, पण रोजच्या कामाचं असंच असतं, कालचं आजचं वाटतं. कोणीतरी कुलपं तेवढी चोरली, असंही वाटून गेलं. काही का असेना, गाडी जागेवर होती. चावी घातली, जराशी अडली, मग फिरली. हँडल सुटलं. आरसा वाकडा झालेला, तो सरळ केला आणि निघाले.

नवरा गेटाशी उभा होता. मी गाडी स्टँडवर लावली. तो मागून पुढे आला, परत मागे गेला, खाली वाकू नये हे विसरून वाकला.

"अगं, ही कुणाची गाडी आणलीस?"

"म्हणजे काय? आपली."

"नंबर बघ."

मी नंबर बघितला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. टाकीवरचा निळा पट्टा तोच, सीट तशीच, पण मडगार्डवर आमच्या गाडीला असलेला ओरखडा या गाडीला नव्हता. मी हातातल्या चावीकडे बघत राहिले. चावी माझीच होती, आमच्या सोसायटीचं पितळी बिल्ला असलेलं तेच किचेन. एका अनोळखी माणसाची गाडी मी कुलूप उघडून, भर रस्त्यातून, सिग्नलला थांबत थांबत घरी आणलेली.

"आत्ताच्या आत्ता परत नेऊन लाव," तो म्हणाला. "मी रिक्षाने येतो मागोमाग."

"तू कशाला? पाठ..."

"मी येतो," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशीच घोळका दिसला. मधोमध साठीचे एक काका आणि एक हवालदार. काकांनी गाडी ओळखली आणि धावत येऊन हँडलच धरलं. मी हेल्मेट काढल्यावर ते दोन पावलं मागे सरकले. चोर म्हणून त्यांनी कुणाची कल्पना केली असेल कोण जाणे, पण दवाखान्याचा गुलाबी युनिफॉर्म घातलेली बाई नक्कीच नव्हती.

"काका, माफ करा. माझी चावी लागली तुमच्या गाडीला. मला वाटलं माझीच आहे."

"चावी लागली? माझ्या गाडीला?"

मी चावी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः लावली, काढली, पुन्हा लावली. दर वेळी दिवा पेटला. मग ते शेजारच्या पायरीवर बसले. कोपरीला राहणारे, बहिणीला औषधं द्यायला ठाकुर्लीला आलेले. त्यांनाही आपली गाडी म्हणजे तिजोरी वाटत होती.

"मग मॅडम, तुमची गाडी कुठे आहे?" हवालदाराने विचारलं.

तोपर्यंत हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता. मी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तेवढ्यात नवरा रिक्षातून उतरला, तोही भिंतीला धरून शोधायला लागला. आमची गाडी नव्हती. हवालदार माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला ती मी अजून विसरले नाही. दुसऱ्याची गाडी घेऊन गेलेली बाई आता माझीच चोरीला गेली म्हणतेय.

मला वाचवलं ते काकांनी. "साहेब, मी तीनला आलो तेव्हा सगळी गल्ली भरलेली, ही एकच जागा रिकामी होती. म्हणून तर इथे लावली. ताईंची गाडी त्याआधीच गेली असणार."

लाँड्रीवर कॅमेरा होता. लाँड्रीवाला एव्हाना परत आलेला, त्याने आम्हाला आत घेतलं. इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभं राहून आम्ही पाच जण त्या छोट्या स्क्रीनकडे बघत होतो. अडीच वाजून गेल्यावर एक टेम्पो उलटा गल्लीत येतो. केशरी जॅकेट घातलेले दोघं उतरतात. माझ्या गाडीच्या चाकाखालून दोन फळ्या सरकवतात आणि आमची गाडी, हँडल लॉकसकट, पिवळ्या कुलपासकट, साखळीसकट उचलून टेम्पोत ठेवतात. घाई काहीच नाही. एक जण मध्ये थांबून पाणीसुद्धा पितो. बाजूने लोक जात होते. एका बाईने पोराला हाताला धरून त्यांच्यासाठी वाट करून दिली.

मग स्क्रीनवर लाँड्रीवाला दिसला. तो दुकानातून बाहेर आला, स्वतःची सायकल उचलून बाजूला ठेवली आणि टेम्पो बाहेर निघताना हाताने "येऊ द्या, येऊ द्या" करत राहिला.

लाँड्रीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, मला वाटलं टोइंगवाले आहेत," तो म्हणाला. "तुमची गाडी कुठली ते मला कुठे माहीत? मी फक्त हेल्मेट ओळखतो."

मी त्याला काही बोलू शकले नाही, कारण स्क्रीनवर मला दुसरंच दिसलं होतं. साखळी फक्त मागच्या चाकात गुंडाळलेली. रेलिंगला बांधलेली नाही. रेलिंगवर लोक गुटख्याच्या पिचकाऱ्या मारायचे, हाताला लागायचं, म्हणून गेले सहा महिने मी साखळी नुसती चाकातच अडकवत होते. नवऱ्यानेही ते बघितलं. बाहेर आल्यावर मीच म्हणाले, "मी बांधत नव्हते रे. बरेच महिने."

"दिसलं," तो म्हणाला. मग रेलिंगकडे बघून म्हणाला, "घाण आहे खरी तिथे."

पुढच्या आठवड्यात काकांनी मला त्यांच्या मेकॅनिककडे बोलावलं. त्यांना लॉक बदलायचं होतं, आणि माझी चावी पुन्हा लावून दाखवायची होती. मेकॅनिकला त्यात काही विशेष वाटलं नाही. जुनी चावी झिजते, लॉकच्या आतल्या पत्त्याही झिजतात, मग असं होतं, म्हणाला. त्याने माझी चावी घेतली आणि दुरुस्तीला आलेल्या, त्याच कंपनीच्या जुन्या गाड्यांना लावत गेला. चौथ्या गाडीचा दिवा पेटला.

तीन महिन्यांनी पोलीस स्टेशनमधून फोन आला. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे गाड्या सापडल्या होत्या, ओळख पटवायला या म्हणाले. नवरा हट्टाने आला. पोलीस स्टेशनच्या मागच्या मैदानात मोटरसायकली उभ्या होत्या, आडव्या होत्या, एकमेकींवर रचलेल्या होत्या. काहींच्या चाकांतून गवत वर आलेलं. एवढ्या गाड्या मी कुठल्या शोरूममध्येही बघितल्या नव्हत्या. एकीच्या हँडलला शाळेची वॉटरबॅग अजून लटकत होती. या सगळ्यांना कोणी ना कोणी कुलूप लावलं असणार, असं मनात आलं.

आमची म्हणजे नुसता सांगाडा होता. चाकं नाहीत, टाकी नाही, इंजिन नाही. नवऱ्याने कागदावरचा चासी नंबर मोठ्याने वाचला, हवालदाराने सांगाड्यावरचा पुसून वाचला. सगळे आकडे जुळले. नवरा खूप वेळ त्या लोखंडावर हात ठेवून उभा राहिला.

"न्यायची का?" मी विचारलं.

"काय करायचंय नेऊन," तो म्हणाला आणि सही करायला पेन मागितलं.