ब्रश बंद करायचा सल्ला

आमचे हे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. एकवीस वर्षं पहिल्या खुर्चीवर, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे ह्यांचेच. शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर भावजी. सख्खे नव्हेत, पण मी भावजीच म्हणायचे. रविवारी सकाळचा चहा आमच्याकडे, माझी बाजू घेऊन ह्यांना टोमणे मारणार, जाताना कप स्वतः विसळणार. अशा माणसाचा कुणाला संशय यावा?

गेल्या वर्षी ह्यांच्या ब्रशवर रक्त दिसायला लागलं. हिरड्या लाल, सुजलेल्या. माणूस तसा भित्रा, डॉक्टर म्हटलं की दहा सबबी. मग सांगणार कुणाला, तर भावजींना. ते म्हणाले, जखमेवर कोणी घासतं का? ब्रश बंद करा, नुसत्या चुळा भरा, सूज आपोआप बसेल. मला पटलं. मीच ब्रश उचलून कचऱ्यात टाकला. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

वर्षभर चुळा झाल्या, सूज काही उतरेना. ट्रम्पेट ओठांवर दाबून धरावा लागतो, तो दाब हिरड्यांवर येतो. उंच सूर आला की हे कळवळायचे आणि सूर फाटायचा. शेवटी वार्षिक कार्यक्रमाच्या तालमीत बँडप्रमुखांनी सगळ्यांसमोर खुर्च्या बदलायला लावल्या. भावजी पहिल्या खुर्चीवर, हे दुसऱ्या. कार्यक्रमाला महिना आहे, तोवर सुधारलं तर बघू, म्हणाले. त्या आठवड्यात ह्यांनी घरी ट्रम्पेटची पेटी उघडलीच नाही.

मग मात्र मी ह्यांना ओढत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दातांच्या कडेला साचलेला दगडासारखा थर यंत्राने काढला. म्हणाल्या, हाड शाबूत आहे, आत्ताशी सुरुवात आहे, पूर्ण बरं होईल. रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा नसतो, घाण साचते म्हणूनच रक्त येतं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. फटींतून दोरा फिरवायचा. मग सहज विचारलं, काम काय करता? ट्रम्पेट म्हटल्यावर हसल्या.

"अजून एक ट्रम्पेटवाले येतात माझ्याकडे, दर सहा महिन्यांनी. मागच्या वर्षी विचारत होते, मित्राच्या हिरड्यांतून रक्त येतं, काय करावं? मी हेच सगळं सांगितलं. लवकर घेऊन या म्हटलं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. केसाने गळा कापला मेल्याने, आणि वर दर रविवारी माझ्या हातचा चहा प्यायला.

तीन आठवडे हे घड्याळ लावून घासत होते. रक्त थांबलं, सूज उतरली, उंच सूर पुन्हा स्वच्छ लागायला लागला. तालमीत बँडप्रमुखांनी खुर्ची परत दिली.

त्या रविवारी तो आला. हे बेसिनपाशी ब्रश करत होते. त्याने नेहमीसारखं हसत विचारलं, वहिनी, कशाने बऱ्या झाल्या ह्याच्या हिरड्या?

"तुम्ही डॉक्टरीणबाईंना विचारलं होतंत ना मागच्या वर्षी," मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला जे सांगितलं, तेच केलं."

त्याचं तोंड उतरलं. हे वळले नाहीत, ब्रश चालूच. चहा तसाच टाकून तो गेला.

दार लागल्यावर मी बेसिनपाशी गेले. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. फेस पांढराशुभ्र होता, आणि हे रडत होते.